विद्युत प्रभार देणे आणि राखणे : खानापूर तालुक्यातील एका प्रयोगाची हकिकत

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत, मी पातळ प्लास्टिक पिशवीचे एक वलय हवेत तरंगत ठेवण्याचा पहिला प्रयत्न केला, आणि ते दोन सेकंदही वर राहिले नाही. बाहेर चार दिवसांपासून पाऊस थांबला नव्हता, भिंतींना ओल आली होती आणि फळ्यावर खडू उमटत नव्हता. पीव्हीसी पाइप घोंगडीच्या तुकड्याने जोर लावून घासला, पिशवीचे वलयही घासले आणि पाइपवर सोडले, तर ते क्षणभर बिचकल्यासारखे थबकले आणि सरळ जमिनीवर येऊन पडले. समोर नववीचा वर्ग उभा होता.

या प्रयोगाचे मूळ त्याच वर्गातील एका मुलीच्या प्रश्नात होते. वितळलेल्या धातूचा थेंब कोणत्याही भांड्याला न टेकवता, केवळ विद्युत बलाने अधांतरी धरून ठेवतात, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिने विचारले, "सर, तो थेंब कशालाच टेकलेला नसतो, तर त्याला वीज लावतात कुठून? वायर तर जोडता येणार नाही." प्रश्न फार नेमका होता. समान प्रभार एकमेकांना दूर ढकलतात हे पाठ्यपुस्तकात असते आणि आम्ही ते दर वर्षी शिकवतो, पण वस्तूवर तो प्रभार आणायचा कसा, किती आणायचा आणि आणल्यावर टिकवायचा कसा, हे मी स्वतः कधी करून पाहिलेले नव्हते. पुस्तकात प्रभार देण्याच्या घर्षण, स्पर्श आणि प्रवर्तन (प्रभारित वस्तू नुसती जवळ आणून) या तीन पद्धती एका परिच्छेदात संपतात. डिसेंबरमधल्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत या सर्व पद्धतींनी काहीतरी तरंगवून दाखवीन, असे मी तिला सांगितले.

पहिल्या अपयशानंतर मी जी चूक केली, ती बहुतेक सगळेच करतात. घासणे कमी पडले असे समजून मी आणखी जोराने घासत राहिलो. दोन दिवस असे गेल्यावर लक्षात आले, की प्रभार निर्माणच होत नाही की निर्माण होऊन निसटतो आहे, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून आधी प्रभार ओळखणारा विद्युतदर्शी तयार केला. काचेची रुंद तोंडाची बरणी, तांब्याची जाड तार आणि तारेच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या दोन पट्ट्या, एवढेच त्याचे सामान होते. प्रथम तार लाकडी बुचातून आत सोडली होती. पाइप जवळ नेला की पट्ट्या फाकत, वरच्या टोकाला टेकवून घासला तरी फाकत, पण पाइप बाजूला घेताच तीन-चार सेकंदांत त्या मिटत. बूच काढून त्या जागी मेणबत्तीचे मेण वितळवून ओतले, तेव्हा त्याच पट्ट्या त्याच पावसाळी दुपारी अर्ध्या मिनिटाहून अधिक उघड्या राहिल्या. लाकूड आम्ही विद्युतरोधक म्हणून शिकवतो, आणि घरातल्या दिव्याच्या बटणापुरते ते खरेही आहे. पण स्थिर विद्युतेच्या बाबतीत प्रभार इतका थोडा आणि व्होल्टता इतकी जास्त असते, की दमट लाकूड तिथे जवळजवळ वाहकाचेच काम करते.

या बरणीने मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट शिकवली. ओल्या हवेतून प्रभार उडून जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात दमट हवा स्वतः फारशी वाहक नसते. वस्तूच्या पृष्ठभागावर बाष्पाचा जो डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, त्यात धूळ, घाम आणि साबणाचे क्षार विरघळतात आणि त्या थरावरून प्रभार सरकत सरकत हाताकडे आणि हातातून जमिनीकडे जातो. काचेवर असा थर विशेष लवकर बसतो, मेणावर आणि टेफ्लॉनवर फार कमी. म्हणजे घर्षणाने प्रभार मिळतच होता, पण पाइपच्या पृष्ठभागावरून तो मी पाहत असतानाच वाहून जात होता.

हे समजले तेव्हा मला वडिलांची फार आठवण झाली. वडगावच्या आमच्या घरात चार यंत्रमाग होते आणि संक्रांतीनंतरच्या कोरड्या दुपारी ताण्याचे धागे एकमेकांपासून फिसकटत, हातावरच्या केसांना चिकटत आणि तुटत. वडील माग थांबवून म्हणायचे, "सूत पिसाटलंय, पाणी मार." मग मी मागाच्या आजूबाजूच्या फरशीवर तांब्याने पाणी शिंपडायचो आणि थोड्या वेळाने धागे शांत होत. कृत्रिम धागा धातूच्या आणि चिनी मातीच्या मार्गिकांवरून घासत जातो, प्रत्येक धाग्यावर एकाच जातीचा प्रभार येतो आणि म्हणून धागे एकमेकांना दूर सारतात, हे मला पुढे महाविद्यालयात कळले. वडील पाणी शिंपडून जो प्रभार घालवत होते, तोच राखण्यासाठी मी आता पावसाळा संपण्याची वाट पाहत होतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून हवा कोरडी झाली आणि मी पुन्हा घर्षणाकडे वळलो. या वेळी सामानाकडे बारकाईने लक्ष दिले. बेळगावच्या खडेबाजारातून एक मीटर लांबीचा एक इंची नवा पीव्हीसी पाइप आणला. जुना पाइप साबणाने धुतल्यामुळे त्यावर जो पापुद्रा राहिला होता, तो कितीही पुसला तरी जात नव्हता. नवा पाइप नुसत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवला आणि त्याचे एकच टोक हातात धरायचे, बाकीच्या भागाला बोट लावायचे नाही, असा नियम केला. घोंगडीचा तुकडाही रोज तासभर उन्हात ठेवला. दोन वेगवेगळे पदार्थ एकमेकांना टेकून विलग झाले, की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. घासण्याने फक्त टेकण्याच्या जागा वाढतात. लोकर इलेक्ट्रॉन सहज सोडते, पीव्हीसी आणि पॉलिथिन ते धरून ठेवतात, म्हणून लोकरीने घासलेल्या या दोन्ही वस्तू ऋण प्रभारित होतात आणि एकमेकींना दूर ढकलतात. पाइप आणि वलय दोन्ही एकाच घोंगडीने घासण्यामागचे कारण हेच.

विद्युतरोधकाचा एक गुण इथे समजून घ्यावा लागतो. त्यावरचा प्रभार जिथे दिला तिथेच बसतो, पसरत नाही. म्हणून पाइप एका जागी वीस वेळा घासण्यापेक्षा तो फिरवत फिरवत टोकापासून टोकापर्यंत सगळा घासावा लागतो. वलयाचे तर आणखी अवघड. किराणा दुकानातल्या पातळ पिशवीची आडवी पट्टी कापली की आपोआप वलय मिळते; ते बाकावर सपाट पसरून घासले की बाकाला घट्ट चिकटून बसते, आणि सोडवताना बोटे जिथे लागतील तिथला प्रभार निघून जातो. शेवटी एका विद्यार्थ्याने सुचवल्याप्रमाणे आम्ही ते बाकाच्या कडेवर अर्धे लोंबते ठेवून घासले आणि एका कोपऱ्याला चिमटीत धरून झटक्यात उचलले. ते हवेत सोडून खालून पाइप नेताच वलय फुलासारखे उघडले, फूटभर वर चढले आणि तिथे राहिले. मी पाइप घेऊन हळूहळू चालू लागलो आणि ते माझ्यापुढे वर्गाच्या दारापर्यंत तरंगत गेले. बारा सेकंद झाली होती. आजही ते बारा सेकंद मला स्पष्ट आठवतात.

प्रभार किती होता याचा अंदाज घेण्यासाठी ते वलय गावातल्या सराफांच्या काट्यावर तोलून आणले. वजन २१० मिलिग्रॅम भरले, म्हणजे पृथ्वी त्याला सुमारे २ मिलिन्यूटन बलाने खाली ओढत होती. वलय पाइपच्या साधारण ३० सेंटिमीटर वर होते. दोन्हींवर सारखाच प्रभार आहे आणि दोन्ही बिंदूरूप आहेत असे ढोबळमानाने धरले, तर कूलोमच्या नियमाने प्रत्येकावर कूलोम या प्रभाराच्या एककाच्या एक कोटीव्या भागाच्या सुमारे दीडपट प्रभार निघतो. पाइप हा बिंदू नाही, त्यामुळे हा आकडा फक्त ढोबळ अंदाजापुरता घ्यायचा. तरीही तो म्हणजे जवळजवळ नव्वद हजार कोटी जास्तीचे इलेक्ट्रॉन होत. ही संख्या फळ्यावर लिहिल्यावर वर्ग काही वेळ शांत होता. नंतर त्याच मुलीने विचारले, "एवढे इलेक्ट्रॉन घोंगडीतून गेले, तर घोंगडी हलकी झाली का?" तिलाच गणित करायला सांगितले. एका इलेक्ट्रॉनचे वस्तुमान घेऊन तिने जो आकडा काढला, तो जगातल्या कोणत्याही सराफाच्या काट्यावर दिसणार नाही एवढा लहान होता.

स्पर्शाने प्रभार देण्याची पद्धत या मानाने फार सोपी निघाली, कारण तिथे वस्तू वाहक असते आणि प्रभार स्वतःच सगळीकडे पसरतो. गणपतीच्या सजावटीतल्या चंदेरी झिरमिळ्यांच्या सहा बारीक पट्ट्या दोन्ही टोकांना गाठ मारून बांधल्या आणि प्रभारित पाइपवर सोडल्या. त्या प्रथम पाइपकडे ओढल्या गेल्या, पाइपला शिवल्या, शिवताच पाइपवरचा प्रभार घेऊन उसळल्या आणि सर्व पट्ट्या एकमेकींपासून दूर जाऊन एक चंदेरी गोळा तयार झाला. हा गोळा वलयापेक्षा स्थिर राहतो, कारण त्याच्यावर ठिगळासारखे कमीजास्त प्रभारित भाग नसतात. ओढणे, शिवणे आणि फेकणे या तीन पायऱ्या एवढ्या झटपट होतात, की मुलांना पहिली पायरी दिसतच नाही. त्यासाठी मी पाइप मुद्दाम थोडाच घासून तीच क्रिया सावकाश करून दाखवली.

हाच प्रयोग फार जुना आहे. जर्मनीतील ऑटो फॉन गेरिके याने १६७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, हाताने घासलेल्या गंधकाच्या गोळ्याने पीस दूर ढकलून ते खोलीभर तरंगवत नेल्याचे वर्णन केले आहे. १७३३ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल द्यु फे घासलेल्या काचेच्या नळीने सोन्याचा वर्ख हवेत तरंगवत होता. काचेपासून दूर पळणारा वर्ख घासलेल्या राळेपासूनही दूर पळेल अशी त्याची अपेक्षा होती, पण वर्ख राळेकडे धावला. वीज दोन प्रकारची असते हे माणसाला कळले ते या एका तरंगत्या वर्खामुळे. तरंगणारी वस्तू म्हणजे केवळ करमणूक नसून तीच एक अतिशय हळवे मोजमापयंत्र असते, हे मला या इतिहासातून उमगले.

प्रवर्तनाच्या पद्धतीसाठी थर्माकोलचा जाड तुकडा आणि स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची थाळी घेतली. थाळीच्या मधोमध प्लास्टिकचा रिकामा डबा मूठ म्हणून चिकटवला. पहिल्यांदा लाकडी मूठ लावली होती, ती बुचाच्याच कारणाने काढून टाकावी लागली. थर्माकोल घोंगडीने घासला, त्यावर थाळी ठेवली आणि थाळीला बोट लावले. बारीकसा चटका बसतो. थर्माकोलवरच्या ऋण प्रभारामुळे थाळीतले इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात आणि बोटातून जमिनीकडे निघून जातात. बोट काढून मग मुठीने थाळी उचलली की तिच्यावर धन प्रभार उरतो. अंधाऱ्या खोलीत थाळीच्या काठातून बोटावर उडणारी निळसर ठिणगी सेंटिमीटरभर लांब दिसली.

या पद्धतीत थर्माकोलवरचा प्रभार खर्चच होत नाही, आणि मला तिचे सर्वांत जास्त अप्रूप याच गोष्टीचे आहे. एकदा घासलेल्या तुकड्यावरून आम्ही त्या दिवशी थाळी चाळीसपेक्षा जास्त वेळा भरून घेतली. ऊर्जा येते ती थाळी थर्माकोलपासून ओढून वेगळी करताना हाताने केलेल्या कार्यातून. लक्ष देऊन उचलले तर ती ओढ हाताला जाणवतेही. स्वीडनच्या योहान विल्के याने १७६२ मध्ये हे उपकरण मांडले आणि १७७५ मध्ये इटलीच्या व्होल्टाने त्याला व्यवहारात आणले. थाळीवर चार चुरमुरे टाकून ती उचलली, तर चुरमुरे स्वतः प्रभारित होऊन थाळीतून बाहेर उडतात. वर दुसरी, जमिनीला जोडलेली थाळी धरली तर एखादा चुरमुरा दोन्ही थाळ्यांमध्ये काही काळ वरखाली नाचत राहतो, कारण प्रत्येक स्पर्शाला त्याचा प्रभार बदलतो. प्रवर्तनाने नेहमी विरुद्ध जातीचा प्रभार मिळतो, हे मात्र तरंगवताना विसरून चालत नाही. थाळीने भरलेली झिरमिळी मी एकदा पाइपवर सोडली आणि ती पाइपला जाऊन घट्ट बिलगली.

या तिन्ही पद्धतींत वस्तूला कधी ना कधी काहीतरी टेकत होते. मुलीचा प्रश्न तसाच उभा होता. त्याचे पहिले उत्तर मला बेळगावच्या उद्यमबागेत मिळाले. माझा एक वर्गमित्र तिथे पावडर कोटिंगचा छोटा कारखाना चालवतो. आसपासच्या फाउंड्रींतून आणि यंत्रशाळांतून आलेले सुटे भाग आकड्यांना टांगलेले असतात, एक कामगार पिस्तुलासारखी गन घेऊन त्यांच्यावर रंगाची कोरडी पावडर उडवतो आणि ती पावडर भागाच्या समोरच्याच नव्हे तर मागच्या बाजूलाही जाऊन बसते. गनच्या टोकाला असलेल्या सुईवर साठ हजार ते एक लाख व्होल्ट ऋण विद्युत दाब असतो. सुईचे टोक अतिशय अणकुचीदार असल्याने त्याच्याजवळचे विद्युत क्षेत्र हवेची रोधकशक्ती मोडून काढते, हवेचे रेणू आयनित होतात आणि ऋण आयनांचा झोत बाहेर पडतो. त्या झोतातून जाणाऱ्या तीस-चाळीस मायक्रॉनच्या प्रत्येक कणाला आयन येऊन चिकटतात. या क्रियेला कोरोना म्हणतात. अंधारात सुईच्या टोकाभोवती मुकुटासारखे फिकट जांभळे तेज दिसते, त्यावरून ते नाव पडले. टांगलेले भाग आकड्यांतून अर्थिंगला जोडलेले असतात, म्हणून कण त्यांच्याकडे ओढले जातात आणि नंतर भट्टीत वितळून रंगाचा थर बनतो.

मी गन हातात धरून पाहू का असे विचारले, तेव्हा तो कामगार म्हणाला, "धरा की सर, पण हातमोजं काढा आधी. मूठ हाताला लागली पाहिजे, नाहीतर तुम्हीच चार्ज होऊन बसाल आणि पावडर तुमच्याच अंगावर येईल." गनच्या मुठीतूनच वापरणाऱ्याचे अर्थिंग होत असते, हे मला त्याने सांगितले. एखाद्या खोलगट भागाच्या आतल्या कोपऱ्यात पावडर का बसत नाही, हेही त्याने दाखवले. विद्युत क्षेत्राच्या रेषा कडांवरच संपतात आणि आत शिरत नाहीत, हे फॅरेडेचे तत्त्व तो रोज हाताने अनुभवत होता. अशा कोपऱ्यांसाठी ते दुसरी गन वापरतात. तिच्यात सुईही नसते आणि उच्च दाबही नसतो. पावडर टेफ्लॉनच्या नळीतून घासत जाते आणि तेवढ्यानेच धन प्रभारित होऊन बाहेर पडते. वडगावच्या मागावर धाग्याचे जे होत होते, तेच इथे पावडरीचे मुद्दाम करून घेतले जात होते.

परत आल्यावर मी हवा शुद्ध करण्याच्या यंत्रात असते तसे ऋण आयन तयार करणारे एक लहान मॉड्यूल आणले आणि त्याच्या उच्च दाबाच्या तारेला शिवणाची सुई जोडली. मॉड्यूलचा दाब काही हजार व्होल्ट असतो, म्हणून हा भाग मी एकट्याने केला आणि मुलांना बाकांच्या पलीकडे उभे केले. प्रत्येक वेळी बंद केल्यावर सुईला जमिनीला जोडलेली तार टेकवून ती रिकामी करण्याची शिस्त पाळली. सुई चालू असताना तिच्यासमोर तळहात धरला तर गार झुळूक लागते आणि ओझोनचा तिखट वास येतो. विद्युतदर्शीची बरणी हातभर लांब ठेवली होती; तिच्या पट्ट्या काहीही न टेकता हळूहळू उघडल्या. मी त्या मुलीला बोलावून ते दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे हवाच वायर झाली." यापेक्षा चांगली व्याख्या मी करू शकलो नसतो.

वलय तंगुसाने टांगून ते सुईसमोर गोल फिरवले आणि मग तंगूस कापून पाइपवर सोडले. घासलेले वलय नेहमी कुठेतरी दुमडत असे, एक बाजू वर आणि एक बाजू खाली होत असे, कारण त्यावरचा प्रभार ठिकठिकाणी कमीजास्त असायचा. कोरोनाने भरलेले वलय मात्र पूर्ण गोल उघडले आणि जवळजवळ आडवे राहिले. पस्तीस सेकंदांनंतर ते खिडकीच्या गजाकडे ओढले गेले. जमिनीला जोडलेली कोणतीही वस्तू जवळ आली की तिच्यात प्रवर्तनाने विरुद्ध प्रभार येतो आणि तरंगणारी वस्तू तिकडे झेपावते, म्हणून त्यानंतर आम्ही बाक मागे सारून वर्गाच्या मध्यभागी पाच-सहा पावलांची जागा मोकळी केली. वलय सुईसमोर कितीही जास्त वेळ धरले तरी एका मर्यादेनंतर प्रभार वाढत नाही, हेही दिसले. वलयावर आधीच बसलेला ऋण प्रभार नव्या ऋण आयनांना परत ढकलतो.

मर्यादेचा हा विचार मला पुढे घेऊन गेला. एका मुलाने एक रुपयाचे नाणे तरंगवून दाखवा असा आग्रह धरला होता आणि त्याला नुसते नाही म्हणणे मला योग्य वाटले नाही. कोरडी हवा साधारणपणे दर मीटरला तीस लाख व्होल्टपर्यंतचे क्षेत्र सहन करते. त्यापुढे ठिणगी पडते. या क्षेत्रावरून हिशेब केला, तर हवेत विद्युत बलाने दर चौरस मीटरला जास्तीत जास्त सुमारे ४० न्यूटन एवढाच ताण देता येतो. आमच्या वलयाचे वजन त्याच्या क्षेत्रफळाने भागले तर दर चौरस मीटरला ०.१४ न्यूटनच्या आसपास येते, वहीचा कागद एका न्यूटनच्याही आत राहतो, आणि रुपयाचे आडवे ठेवलेले नाणे शंभर न्यूटनच्या जवळ जाते. बेळगाव-खानापूरचा हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर असल्याने इथली हवा थोडी विरळ आहे आणि ही मर्यादा आणखी थोडी खाली येते. त्या मुलाने सगळा हिशेब स्वतःच्या वहीत पुन्हा केला आणि मग मान्य केले.

मग धातूचा थेंब कसा तरंगवतात, हे सांगणे आता शक्य झाले. अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत वॉन-क्यू ऱ्हिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये वर्णन केलेल्या उपकरणात हवाच काढून टाकलेली असते, त्यामुळे ठिणगीची मर्यादा फार वर जाते. दोन-तीन मिलिमीटरचा धातूचा गोळा खालच्या विद्युतअग्रावर (इलेक्ट्रोडवर) ठेवलेला असतो आणि वरच्या व खालच्या अग्रांमध्ये हजारो व्होल्टचा दाब दिला की तो प्रवर्तनाने प्रभारित होऊन उचलला जातो. म्हणजे पहिला प्रभार आमच्या थाळीच्याच तत्त्वाने मिळतो. पण गोळा तापू लागला की त्यातून वायू सुटतात आणि प्रभार कमी होतो. तो परत भरण्यासाठी त्यावर अतिनील किरण सोडतात. या किरणांनी धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात आणि गोळा धन राहतो. तापमान खूप वाढले की उष्णतेनेच इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात आणि मग गोळा स्वतःचा प्रभार स्वतःच राखतो. वायर नाही, स्पर्श नाही, हवाही नाही. प्रकाश आणि उष्णता ही दोनच साधने. जपानच्या अंतराळ संस्थेची अशीच एक भट्टी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात आहे. तिथे वजनाला तोलून धरावे लागत नसल्याने थोड्या प्रभारावरही नमुना जागच्या जागी ठेवता येतो.

प्रभार मिळाला म्हणून वस्तू आपोआप स्थिर राहत नाही, हे आम्ही पाइप हाताने सतत हलवत असताना अनुभवत होतोच. केवळ स्थिर प्रभारांच्या बलाने कोणतीही प्रभारित वस्तू स्थिर समतोलात राहू शकत नाही, हे इंग्रज गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये सिद्ध केले. धातूचा थेंब तरंगवणाऱ्या प्रयोगशाळेत लेसरने थेंबाची जागा पाहून दर क्षणाला दाब बदलत राहतात. आमच्याकडे ते काम पाइप धरणाऱ्याचे डोळे आणि मनगट करत होते, आणि मुलांची मनगटे माझ्यापेक्षा जास्त चपळ निघाली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी धुके होते. पाइप, घोंगडी आणि वलये आम्ही एका बंद डब्यात, कापडी पुरचुंडीत बांधलेल्या सिलिका जेलसह नेली होती, आणि अकरा वाजता ऊन तापल्याखेरीज डबा उघडायचा नाही असे ठरवले होते. दुपारी त्या मुलीने वलय सोडले. मी घड्याळ धरून बाजूला उभा होतो. पन्नास सेकंद झाली तेव्हा सभोवतीची माणसे आपोआप मागे सरकली होती, आणि एका मिनिटानंतर मी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले. पाइप एका हाताने सांभाळत तिने शेजारच्या मुलाला खूण केली. त्याने उन्हात तापवलेली काचेची नळी शहापूरच्या विणकराकडून आणलेल्या रेशमी चिंधीने घासली आणि सावकाश वर धरली. वलय पाइपपासून हातभर दूर राहिले होते. काचेची नळी जवळ येताच त्याची एक कड तिच्याकडे वळली, मग ते पूर्ण झुकले आणि जाऊन काचेला बिलगले.